दुसऱ्या वर्षाचे ५८ गुण आणि ‘टू-वन’चे गणित

प्रश्न : माझी मुलगी उत्तर इंग्लंडमधील एका विद्यापीठात अर्थशास्त्राच्या तीन वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी शिकत आहे. पहिल्या वर्षी तिला सरासरी ७१ गुण होते. दुसऱ्या वर्षाचा निकाल नुकताच लागला. प्रत्येकी वीस क्रेडिटच्या पाच विषयांत तिला ६४, ६१, ५८, ६२ आणि ६४ गुण आहेत, पण संख्याशास्त्रात फक्त ४१. तो पेपर तिने अंगात ताप असताना दिला, परंतु विद्यापीठाला तसे कळवले नाही. ‘टू-वन’ अजून मिळू शकतो, असे ती म्हणते. मला मात्र ५८ टक्के म्हणजे सेकंड क्लास एवढेच कळते. पहिल्या वर्षाचे ७१ गुण अंतिम निकालात धरतच नाहीत, हे ऐकून तर धक्काच बसला. लंडनला असलेला आमचा भाचा म्हणतो की सर्वांत कमी गुणांचा विषय वगळला जातो. तिला शैक्षणिक कर्ज काढून पाठवले आहे, त्यामुळे झोप लागत नाही. तिने संख्याशास्त्राची परीक्षा पुन्हा द्यावी का? आणि मी स्वतः विद्यापीठाला पत्र लिहावे का?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपली कन्या सांगते ते बरोबर आहे. आपण कळवलेल्या गुणांवरून टू-वन, म्हणजे तेथील वरून दुसरी श्रेणी, तिच्या आवाक्यात आहे. तिच्या विद्यापीठाचा नियम तेथील प्रचलित नियमांपैकी एखादा असेल, तर तिसऱ्या वर्षी साधारण ६१ ची सरासरी तिला पुरेल, आणि संख्याशास्त्राचा एक पेपर सोडला तर या वर्षीही तिने त्याहून थोडे जास्तच गुण मिळवले आहेत. हे मी केवळ धीर देण्यासाठी म्हणत नाही. पुढे आकडेमोड मांडली आहे, ती कागद-पेन्सिल घेऊन आपण स्वतः पडताळून पाहावी.

प्रथम श्रेणींविषयी. ब्रिटनमधील ऑनर्स पदवी चार श्रेणींत दिली जाते. अंतिम सरासरी ७० किंवा त्याहून अधिक असेल तर ‘फर्स्ट’. ६० ते ६९ असेल तर ‘अप्पर सेकंड’, ज्याला सगळे टू-वन म्हणतात. ५० ते ५९ असेल तर ‘लोअर सेकंड’, म्हणजे टू-टू. आणि ४० ते ४९ असेल तर ‘थर्ड’. उत्तीर्ण होण्यासाठी ४० गुण लागतात. ऑनर्ससाठी आवश्यक तेवढे क्रेडिट जमले नाहीत, तर काही वेळा ऑनर्सविना साधी पदवी दिली जाते. वैद्यकशास्त्रासारख्या काही पदव्यांना मात्र या श्रेणी लागू होत नाहीत.

आता आपल्या मनातील ५८ कडे वळू. आपण हा आकडा कोल्हापूरच्या मोजपट्टीने वाचत आहात, आणि आपल्या काळजीचा मोठा भाग तेथूनच येतो. आपल्याकडे ६० ला प्रथम श्रेणी आणि त्याच्या वर विशेष प्रावीण्य मिळते. नव्वदीच्या घरातील गुणपत्रिकाही आपण दरवर्षी वर्तमानपत्रांत पाहतो. ब्रिटिश विद्यापीठांतील परीक्षक शंभरपैकी गुण देत असले, तरी निबंधवजा उत्तरांत ७० च्या पुढचे गुण ते फार राखून देतात आणि ८० च्या पुढचे तर क्वचितच. गणिती स्वरूपाच्या पेपरात उत्तर बरोबर की चूक हे स्पष्ट असल्याने तेथे ८०–९० गुणही पडतात, आणि तितक्याच सहजपणे ३५–४० सुद्धा. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा चढउतार नेहमीच अनुभवावा लागतो. म्हणून तेथील ६२ हा ‘चांगले, समजून केलेले काम’ असा शेरा आहे आणि ५८ हा त्याच्या जरा खालचा. ही दोन कामे शेजारी ठेवली तर त्यांत मुलीच्या बुद्धीचा फरक दिसणार नाही. एखाद्या ठिकाणी युक्तिवाद पुराव्याने पुरेसा पक्का केला की नाही, एवढाच फरक दिसेल.

आणखी एक गोष्ट मराठी घरांत विशेषकरून सांगावी लागते. परदेशी विद्यापीठातील यश म्हटले की आपल्या मनात रँग्लर परांजपे उभे राहतात. रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत संयुक्तपणे पहिले, म्हणजे सीनियर रँग्लर, आले आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्या वेळी तेथे पहिला, दुसरा, तिसरा अशी क्रमवारी जाहीर केली जात असे. १९०९ नंतर ती पद्धत बंद झाली, श्रेणी तेवढ्या राहिल्या. आजच्या ब्रिटिश ऑनर्स पदवीत ‘नंबर’ नसतो. श्रेणी असते, आणि पदवीच्या नावापुढे ६०.२ व ६९.४ या दोघांचीही श्रेणी एकच लिहिली जाते. सविस्तर गुणपत्रक वेगळे मिळते, पण आपल्या कन्येची धडपड एखाद्या वर्गमित्राला मागे टाकण्यासाठी नसून एक ठरलेली रेषा ओलांडण्यासाठी आहे, हे ध्यानात ठेवावे.

पहिल्या वर्षाचे ७१ गुण धरत नाहीत, याचे आपल्याला वाईट वाटणे स्वाभाविक आहे. त्यामागे कारण आहे. इंग्लंडमधील तीन वर्षांची ऑनर्स पदवी ३६० क्रेडिटची असते, दरवर्षी १२०. पहिल्या वर्षी कोणी तेथील ए-लेव्हल करून आलेला असतो, कोणी आपल्याकडील बारावी करून आलेला, कोणी काही वर्षे नोकरी करून परतलेला. या सर्वांना एका पातळीवर आणणे हे त्या वर्षाचे काम मानले जाते, म्हणून बहुतेक विद्यापीठे त्या वर्षी उत्तीर्ण होणे सक्तीचे ठेवतात, पण त्याचे गुण श्रेणीसाठी मोजत नाहीत. काही विद्यापीठे थोडासा वाटा देतात. स्कॉटलंडमध्ये ऑनर्स पदवी चार वर्षांची आणि ४८० क्रेडिटची असते, आणि तेथे सहसा शेवटची दोन वर्षे धरली जातात. आपल्या कन्येचे ७१ गुण गुणपत्रकावर राहणारच आहेत. उन्हाळी इंटर्नशिपचे अर्ज तर बऱ्याचदा त्याच गुणांच्या आधारे केले जातात.

आता मुख्य हिशेब. दुसऱ्या वर्षाच्या सहा विषयांची बेरीज ३५० होते आणि सर्व विषय समान क्रेडिटचे असल्याने सरासरी ५८.३३ येते. अंतिम सरासरी काढताना दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाला किती भार द्यायचा, हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते. सर्वांना लागू होणारा एकच राष्ट्रीय नियम तेथे नाही, आणि इतरांच्या अनुभवावर विसंबून चालत नाही ते याचमुळे. एक तृतीयांश व दोन तृतीयांश हे प्रमाण बरेच आढळते. ४०–६०, ३०–७०, २५–७५ अशीही प्रमाणे आहेत. तिसऱ्या वर्षाला अधिक भार असतो, कारण विद्यार्थी शेवटी कोठवर पोचला याला महत्त्व दिले जाते.

एक तृतीयांश–दोन तृतीयांश हे प्रमाण धरले, तर अंतिम ६० होण्यासाठी तिसऱ्या वर्षी ६०.८ ची सरासरी लागेल. प्रमाण ४०–६० असेल तर ६१.१ लागेल. दोन्ही वर्षांना समान भार देणारे विद्यापीठ असले, तरी ६१.७ पुरेल. म्हणजे नियम कोणताही निघाला तरी लक्ष्य ६१ ते ६२ च्या आसपासच राहते. या वर्षीचे संख्याशास्त्र बाजूला ठेवून उरलेल्या पाच विषयांची सरासरी काढली तर ती ६१.८ येते. तेवढेच गुण तिने पुढच्या वर्षी सहाच्या सहा भागांत राखले, तर पहिल्या प्रमाणाने अंतिम सरासरी ६०.६ होईल, आणि तो टू-वन असेल. फर्स्टचे गणित मात्र कठीण आहे : त्याच प्रमाणाने तिसऱ्या वर्षी जवळजवळ ७६ ची सरासरी लागेल. ते अशक्य आहे असे मी म्हणणार नाही, परंतु आपण ते लक्ष्य तिच्यासमोर ठेवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हाताशी असलेली गोष्ट दूरच्या गोष्टीच्या मागे लागून निसटू शकते.

तिसऱ्या वर्षाच्या आत सर्व भाग सारख्या वजनाचे नसतात, आणि याकडे विद्यार्थ्यांचे फार दुर्लक्ष होते. बहुतेक ठिकाणी शेवटच्या वर्षी प्रबंध असतो, आणि तो पुष्कळदा ४० क्रेडिटचा असतो, म्हणजे त्या वर्षाचा एक तृतीयांश. एक तृतीयांश–दोन तृतीयांश या प्रमाणात तो संपूर्ण पदवीच्या सरासरीचा नऊपैकी दोन भाग ठरतो. उलट, दुसऱ्या वर्षाचा वीस क्रेडिटचा एक विषय अठरापैकी एकच भाग असतो. ज्या संख्याशास्त्राने आपली झोप उडवली आहे, त्यात ४१ ऐवजी ६१ मिळाले असते, तरी पदवीची अंतिम सरासरी फक्त १.१ ने वाढली असती. तेवढीच वाढ प्रबंधात पाच गुण अधिक मिळवून होते. समजा, तिला तिसऱ्या वर्षीच्या चार विषयांत सरासरी ५९ मिळाले आणि प्रबंधात ६५, तर त्या वर्षाची सरासरी ६१ होते आणि पदवीची ६०.१. म्हणून तिने उन्हाळ्यातच प्रबंधाचा विषय ठरवून मार्गदर्शकाशी बोलणे सुरू करावे, आकडेवारी कोठून मिळणार हे आधी पाहावे, आणि पहिले प्रकरण नाताळच्या सुटीपूर्वी दाखवावे. प्रबंधावर परीक्षेच्या दिवशी आलेल्या तापाचा परिणाम होत नाही; त्यात महिनोन्‌महिन्यांचे काम उतरते, आणि नेटाने काम करणाऱ्या मुलीला तेथे न्याय मिळतो.

आपल्या भाच्याचे म्हणणे निराधार नाही, पण ते सर्व विद्यापीठांना लागू पडत नाही. काही विद्यापीठे ठरावीक क्रेडिटपर्यंतचे सर्वांत कमी गुण हिशेबातून वगळतात. काही विद्यापीठे दोन वेगवेगळ्या पद्धतींनी सरासरी काढतात आणि विद्यार्थ्याला फायद्याची असेल ती धरतात. आपल्या कन्येच्या विद्यापीठात वीस क्रेडिट वगळण्याची मुभा असेल, तर दुसऱ्या वर्षाची सरासरी ५८.३ वरून ६१.८ वर जाईल, आणि तिसऱ्या वर्षी ५९.१ सुद्धा पुरतील. मात्र या सवलतींवर तेथे बरीच टीका झाली आहे. इंग्लंडमध्ये फर्स्ट मिळवणाऱ्यांचे प्रमाण २०१०–११ मध्ये सुमारे १६ टक्के होते, ते २०२०–२१ पर्यंत सुमारे ३७ टक्क्यांवर गेले आणि त्यानंतर खाली आले. या वाढीत करोनाकाळातील सवलतींचाही वाटा होता. तेथील नियामक संस्थेने, ऑफिस फॉर स्टुडंट्सने, २०२५ मध्ये याच दोन पद्धतींवर बोट ठेवले. म्हणून ‘वगळतात’ या ऐकीव शब्दावर तिने आपली योजना बेतू नये. तिने प्रवेश घेतला त्या वर्षीच्या तुकडीला लागू असलेली नियमावली उघडावी. ती विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ‘असेसमेंट रेग्युलेशन्स’ किंवा तत्सम नावाने असते. त्यात वर्षांचे भार, वगळण्याचा नियम आणि अपूर्णांकाचा नियम, या तीन गोष्टी शोधाव्यात.

अपूर्णांकाचा नियम किरकोळ वाटतो, पण सीमेवर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यासाठी तोच निर्णायक ठरतो. पुष्कळ विद्यापीठे ५९.५ ला ६० धरतात, काही धरत नाहीत. त्याखेरीज सीमारेषेच्या खाली एक-दोन गुणांचा पट्टा ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्या पट्ट्यात आलेल्या विद्यार्थ्याचे निम्मे किंवा त्याहून अधिक क्रेडिट वरच्या श्रेणीचे असतील, किंवा शेवटच्या वर्षीची कामगिरी वरच्या श्रेणीची असेल, तर परीक्षा मंडळ त्याला वरची श्रेणी देते. हे आपल्याकडील ग्रेस गुणांसारखे नाही. तेथे गुण वाढवले जात नाहीत; गुण तेच राहतात, त्यांची विभागणी पाहून श्रेणी बदलते. आपल्या कन्येच्या सहापैकी चार विषयांना आताच साठहून अधिक गुण आहेत, त्यामुळे हा नियम असलाच तर तिच्या बाजूने आहे. तिसऱ्या वर्षीही एखाद्या विषयाला झुकते माप देऊन दुसरा सोडून देण्यापेक्षा, जास्तीत जास्त विषय साठच्या वर ठेवणे तिला दोन्ही अंगांनी हिताचे आहे.

पुन्हा परीक्षेबद्दल आपण विचारले आहे. आपल्याकडे श्रेणीसुधारासाठी पुन्हा बसण्याची सोय अनेकांनी पाहिलेली असते, म्हणून हा प्रश्न साहजिक आहे. ब्रिटनमध्ये उत्तीर्ण झालेल्या विषयाची परीक्षा गुण वाढवण्यासाठी पुन्हा देता येत नाही, असाच सर्वसाधारण नियम आहे. अनुत्तीर्ण विद्यार्थी पुन्हा बसतो, पण त्याला कितीही गुण पडले तरी नोंद सहसा ४० अशीच होते. तिला ४१ आहेत, म्हणजे ती उत्तीर्ण आहे, आणि हा रस्ता तिच्यासाठी बंद आहे.

उरतो तो आजारपणाचा मुद्दा. परीक्षेच्या काळात आजार, कुटुंबातील मृत्यू किंवा तशीच गंभीर अडचण आली, तर विद्यार्थ्याने ठरावीक मुदतीत अर्ज करायचा असतो. विद्यापीठागणिक त्याला ‘एक्स्टेन्युएटिंग’ किंवा ‘मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस’ म्हणतात. अर्ज मान्य झाला तर बहुधा गुण वाढवून मिळत नाहीत. तीच परीक्षा पहिलाच प्रयत्न समजून, ४० च्या कमाल मर्यादेविना, पुन्हा देण्याची संधी मिळते. मुदत उलटल्यावरही अर्ज घेतला जाऊ शकतो, परंतु वेळेत का कळवले नाही याचे सबळ कारण आणि त्या दिवसांतील वैद्यकीय पुरावा लागतो. त्या वेळी ती डॉक्टरकडे गेली असेल, तर तिने या आठवड्यातच विद्यार्थी संघटनेच्या सल्ला केंद्रात जावे. ते केंद्र बहुतेक ठिकाणी विभागापासून स्वतंत्र असते, आणि तेथील माणसे असे अर्ज रोज हाताळतात. पुरावा नसेल, तर मात्र या मागे वेळ घालवू नये. त्या तापाची अंतिम किंमत १.१ गुण आहे, हे आपण वर पाहिलेच. आपली मुले परक्या देशात ‘कशाला त्रास द्यायचा’ म्हणून आजार अंगावर काढतात. तिला यासाठी बोल लावू नये, पण पुढच्या वर्षी असे काही झाले तर त्याच दिवशी कळवायचे, एवढे तिच्याकडून कबूल करून घ्यावे.

अंतिम निकालाविरुद्ध दाद मागता येते का, हेही आपल्या मनात येईल. परीक्षकाने ५८ का दिले, ६२ का नाही, या शैक्षणिक निर्णयाविरुद्ध अपील चालत नाही. बेरीज चुकली, नियम नीट लावला गेला नाही किंवा मान्य झालेला आजार विचारात घेतला नाही, अशा कारणांवर चालते. विद्यापीठातील सर्व पायऱ्या संपल्या, की इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट अ‍ॅज्युडिकेटर’कडे बारा महिन्यांच्या आत तक्रार नेता येते, तीही विनामूल्य.

कर्जाच्या दृष्टीने श्रेणीचे महत्त्व किती, हे मोकळेपणाने सांगतो. ब्रिटनमधील बऱ्याच पदव्युत्तर अभ्यासक्रमांना टू-वन लागतो, काहींना टू-टू चालतो. नोकऱ्यांत पूर्वी टू-वनची अट सर्रास असे. आता ती बऱ्याच ठिकाणी सैल होत आहे. पीडब्ल्यूसी या मोठ्या लेखापरीक्षण कंपनीने नवपदवीधरांसाठीची ही अट २०२२ मध्ये काढून टाकली. शिक्षणानंतर तेथे राहून काम करण्यासाठी जो ग्रॅज्युएट व्हिसा असतो, त्यासाठी पदवी पूर्ण झाली आहे की नाही हे पाहतात, श्रेणी पाहत नाहीत. म्हणजे टू-वनसाठी प्रयत्न करणे नक्कीच योग्य आहे, पण तो दोन दशांशांनी हुकला तर कर्ज बुडाले, असे मुळीच नाही. फोनवर तिच्याशी बोलताना आपल्या आवाजात ही भीती उतरू देऊ नका. ती तिला लगेच ऐकू जाते आणि अभ्यासाच्या आड येते.

आपण स्वतः विद्यापीठाला पत्र लिहू नये. ती सज्ञान आहे, आणि तेथील माहिती-संरक्षण कायद्यामुळे तिच्या लेखी संमतीशिवाय तिच्या गुणांबद्दल विद्यापीठ आपल्याशी एक शब्दही बोलणार नाही. आपले पत्र सौजन्यपूर्वक परत येईल आणि तिला मात्र अवघडल्यासारखे होईल. तिनेच आपल्या विभागाच्या कार्यालयाला किंवा पर्सनल ट्यूटरला, म्हणजे तिला नेमून दिलेल्या मार्गदर्शक प्राध्यापकाला, एक छोटा ईमेल पाठवावा : माझ्या प्रवेशवर्षाला कोणती नियमावली लागू आहे, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाचा भार किती, कमी गुणांचे क्रेडिट वगळले जातात का, आणि सीमारेषेचा नियम काय आहे. उत्तर आले की वर मांडलेल्या हिशेबात फक्त ते आकडे बदलावे लागतील. आपली इच्छा असल्यास ते उत्तर या सदराकडे पाठवा. आलेला आकडा आणि त्यावरून तिसऱ्या वर्षी लागणारी नेमकी सरासरी मी आपल्याला कळवीन.